इंग्रजीतलं 'जास्मिन' म्हणजे आपलं कोणतं फूल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करते. लग्नपत्रिका, सोसायटीच्या बागेतल्या पाट्या, मुलांचे निबंध, फूलवाल्यांची बिलं अशा कामांत एक शब्द सतत अडतो, तो म्हणजे जास्मिन. त्याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. शास्त्रीय नावं मुद्दाम दिली आहेत, कारण शेवटी वाद तिथेच मिटतो.

१. जास्मिन म्हणजे नक्की कोणतं फूल? मोगरा, जाई की जुई?

तिन्ही. जास्मिन हे एका फुलाचं नाव नसून एका अख्ख्या प्रजातीचं नाव आहे. वनस्पतिशास्त्रात तिला जास्मिनम म्हणतात. जगभरात तिच्यात सुमारे २०० जाती आहेत आणि ती ऑलिव्हच्या कुळात मोडते. मोगरा, जाई, जुई, कुंद, आणि सह्याद्रीत उन्हाळ्यात फुलणारा कुसर ऊर्फ रानमोगरा, ही सगळी या एकाच घरातली भावंडं. आपण प्रत्येकाला स्वतंत्र नावाने हाक मारतो, इंग्रजी सगळ्यांना आडनावाने. म्हणून इंग्रजीत नुसतं जास्मिन लिहिलं की वाचणाऱ्याला पांढरं सुवासिक फूल एवढंच कळतं, कोणतं ते कळत नाही.

२. मग मोगऱ्याला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

अरेबियन जास्मिन. शास्त्रीय नाव जास्मिनम सँबॅक.

यावर लगेच येणारा प्रश्न असा की, मोगरा अरबस्तानातून आला का? नाही. मोगरा मूळचा दक्षिण आशियातला. युरोपियनांना तो अरब व्यापारी आणि अरब बागांमधून ओळखीचा झाला म्हणून नावाला अरबस्तान चिकटलं. 'सँबॅक' हा शब्दही अरबी 'ज़ंबक'वरून आला आहे. जुन्या अरबीत तो या फुलांच्या सुगंधी तेलासाठी वापरत. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये मोगऱ्याला पारिजातकाच्या प्रजातीत बसवलं होतं. एटन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये तो जास्मिनममध्ये आणला, आणि तेच नाव आज चालतं.

माझं स्पष्ट मत: पहिल्यांदा 'मोगरा' असंच रोमन लिपीत लिहा आणि पुढे स्वल्पविराम देऊन अरेबियन जास्मिन लिहा. नंतर मजकुरात फक्त मोगरा पुरेसा आहे. सांपागिता हे फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल आहे, १९३४ पासून. ते म्हणजे आपला मोगराच. तिथले लोक इंग्रजीत लिहितानाही सांपागिता असंच लिहितात, त्याचं अरेबियन जास्मिन करत बसत नाहीत. आपणही संकोच करू नये.

३. जाई, जुई, चमेली, कुंद इंग्रजीत वेगळे कसे दाखवायचे?

आधी झाड ओळखा, मग नाव लिहा. फुलांवरून घोळ होतो, पानांवरून होत नाही.

मोगऱ्याचं पान एकटं, गुळगुळीत, चकचकीत. एका देठाला एकच. जाईचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर समोरासमोर छोट्या पर्णिका, साधारण पाच ते नऊ. जाईची कळी नीट पाहा, बाहेरून तिच्यावर गुलाबी-जांभळट झाक असते, उमलल्यावर आत शुभ्र पांढरं. जुईचं पान बघायला गंमत वाटते. मधली पर्णिका मोठी आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे दोन अगदी बारके तुकडे, कधी कधी तेही नसतात. कुंदाचं पान मोगऱ्यासारखं एकटं, पण त्यावर, आणि फुलाच्या हिरव्या बुडावर, मऊ लव असते. कुंद थंडीत भरात असतो, मोगरा उन्हाळ्यात.

आता नावं. जाईला स्पॅनिश जास्मिन किंवा रॉयल जास्मिन म्हणतात, शास्त्रीय नाव जास्मिनम ग्रँडिफ्लोरम. (स्पेनचं श्रेयही मोगऱ्याच्या अरबस्तानासारखंच, पाहुण्याला मिळालेलं.) हिंदीतली चमेली बहुतेक वेळा हीच. जुई म्हणजे जास्मिनम ऑरिक्युलेटम. 'ऑरिक्युलेटम'चा अर्थच कान असलेली, ते पानाजवळचे दोन तुकडे आठवा. जुईला इंग्रजीत सर्वमान्य असं लोकनाव नाही, म्हणून तिथे 'जुई' आणि शास्त्रीय नाव एवढंच लिहावं. कुंद म्हणजे जास्मिनम मल्टिफ्लोरम, इंग्रजीत डाउनी जास्मिन, लव असलेली. काही जण त्याला स्टार जास्मिन म्हणतात, पण ते टाळा, कारण परदेशी रोपवाटिकांमध्ये स्टार जास्मिन म्हणून भलतीच वेल विकतात, जी या प्रजातीतलीही नाही.

४. उच्चार जास्मिन, जस्मिन की जॅझ्मिन?

इंग्रजीत जॅझ्मिन, जोर पहिल्या अक्षरावर. मराठीत लिहिताना जास्मिन रुळलं आहे, ते तसंच राहू द्या. फुलाच्या स्पेलिंगच्या शेवटी 'ई' येतो. 'ई' नसलेलं रूप फ्रेंच किंवा जर्मन, ते अत्तराच्या बाटल्यांवर आणि माणसांच्या नावांत दिसतं. जुन्या इंग्रजी मजकुरात जेसमिन असंही रूप आढळतं. ती छपाईची चूक नाही.

५. जास्मिनचा अर्थ 'देवाची देणगी' असा आहे का?

बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये तसं छापलेलं असतं खरं, पण त्याला आधार नाही. शब्द मूळ फारसी, यास्मिन किंवा यासमन. तिथून अरबीत, मग लॅटिन आणि फ्रेंचमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत. फारसीत त्याचा अर्थ तेच फूल, एवढाच. यास्मिन आणि जास्मिन ही एकाच शब्दाची दोन रूपं. फुलाचं नाव मुलीला ठेवायला आणखी वेगळा अर्थ कशाला हवा, असं मला मनापासून वाटतं.

६. मुलीचं नाव जुई आहे. परदेशी फॉर्मवर जास्मिन लिहिलं तर चालेल?

नाही. नावाचं भाषांतर करायचं नसतं. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे. ओळख करून देताना 'जुई इज अ काइंड ऑफ जास्मिन' असं सांगायला मात्र काही हरकत नाही, लोकांना ते आवडतं आणि नाव लक्षात राहतं.

७. एकवचन, अनेकवचन कसं करायचं? आणि गजऱ्याला काय म्हणायचं?

फुलांविषयी बोलताना जास्मिन सहसा एकवचनी आणि अगणनीय चालतं. 'जास्मिनचा सुवास', 'जास्मिनची माळ' अशा रचनेत त्याला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. फुलं मोजायची असतील तर 'जास्मिन फ्लॉवर्स', कळ्या असतील तर 'जास्मिन बड्स'. अनेकवचनी 'जास्मिन्स' तेव्हाच, जेव्हा वेगवेगळ्या जाती किंवा वेगवेगळी झाडं म्हणायची असतात. वाक्याच्या मध्ये ते पहिलं अक्षर लहान ठेवून लिहावं. अरेबियन, स्पॅनिश ही विशेषणं मात्र मोठ्या अक्षराने.

गजरा हा शब्द भारतीय इंग्रजीत तसाच वापरतात आणि तो तसाच वापरावा. परक्या वाचकासाठी एकदा 'केसांत माळायची जास्मिनच्या कळ्यांची माळ' एवढा खुलासा द्या. गार्लंड म्हटलं की गळ्यातला हार डोळ्यांसमोर येतो, म्हणून गजऱ्याला नुसतं गार्लंड लिहू नका. वेणीचंही तेच, आणि तिथे धोका जास्त, कारण भाषांतरात तिची केसांची वेणी होऊन बसते.

८. माटुंग्याला 'मल्ली' मागितली तर मोगरा मिळतो. मल्ली आणि मोगरा एकच का?

हो. तमिळ मल्ली, कन्नड मल्लिगे, तेलुगू मल्ले हे सगळे शब्द मुख्यतः मोगऱ्यासाठी वापरतात. मदुराईच्या मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही जास्मिनम सँबॅकच. गोंधळ होतो तो 'मुल्लै'मुळे. तमिळमध्ये मुल्लै म्हणजे आपली जुई, पण मल्याळममध्ये 'मुल्ला' म्हणाल तर बहुधा मोगरा. आणि 'जाती मल्ली' म्हणजे आपली जाई, संस्कृत 'जाती'वरून. तिथले जुने फूलवाले माळ 'मुळम'वर देतात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप. ऑर्डर इंग्रजीत लिहून पाठवायची असेल तर फूट किंवा मीटर लिहा आणि फुलाचं नाव प्रश्न २ व ३ प्रमाणे, म्हणजे लग्नाच्या सकाळी वाद होणार नाहीत.

९. पारिजातक म्हणजे नाइट जास्मिन ना? मग रातराणी काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि चूक इथेच सगळ्यात जास्त होते.

पारिजातकाला इंग्रजीत नाइट-फ्लॉवरिंग जास्मिन किंवा कोरल जास्मिन म्हणतात. कोरल हे त्या केशरी देठामुळे. शास्त्रीय नाव निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. त्यातल्या 'आर्बर-ट्रिस्टिस'चा अर्थ दुःखी झाड. पहाटे सगळी फुलं गाळून दिवसभर रिकामं उभं राहतं म्हणून. रातराणीला म्हणतात नाइट-ब्लूमिंग जास्मिन, शास्त्रीय नाव सेस्ट्रम नॉक्टर्नम. आणि बोलताना दोघांनाही सरसकट नाइट जास्मिन म्हणतात. म्हणजे नुसतं नाइट जास्मिन लिहिलंत तर समोरच्याने काय समजावं हे तुमच्या हातात राहत नाही.

दोन्ही जास्मिनम नाहीत. पण पारिजातक निदान त्याच ऑलिव्ह कुळातला, लांबचा नातेवाईक. रातराणीचं काहीच नातं नाही. ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आली, वांगी-टोमॅटोच्या कुळातली आहे आणि तिचे भाग विषारी आहेत. झाड हाताळून पाहिलं तर घोटाळा व्हायला जागाच नाही. पारिजातकाचं पान खरखरीत, पॉलिशपेपरसारखं, आणि कोवळी फांदी चौकोनी. रातराणीचं पान मऊ, लांबट, आणि फुलं बारीक नळीसारखी, हिरवट पांढरी, संध्याकाळपर्यंत मिटलेली.

पारिजातकासाठी माझी पसंती कोरल जास्मिनला. त्यात रात्र नाही म्हणून गोंधळ नाही, आणि ते केशरी देठ नजरेसमोर येतात. पूजेच्या संदर्भात 'पारिजातक' किंवा 'प्राजक्त' तसंच ठेवावं.

१०. अनंत, तगर, कामिनी, बूच यांच्याही इंग्रजी नावांत जास्मिन आहे. ही सगळी जास्मिनच का?

एकही नाही. पांढरं आणि सुवासिक दिसलं की इंग्रजीने जास्मिन जोडून टाकलं.

अनंत हा केप जास्मिन, पण तो कॉफीच्या कुळातला आणि मूळचा पूर्व आशियातला. शास्त्रीय नावच गार्डेनिया जास्मिनॉइडिस, म्हणजे जास्मिनसारखा दिसणारा. इंग्रजीत सरळ गार्डेनिया लिहा. तगर ही क्रेप जास्मिन. पान खुडलं की पांढरा चीक येतो, तो खऱ्या जास्मिनला कधीच येत नाही. कामिनी ऊर्फ कुंती ही ऑरेंज जास्मिन. मुंबईत कितीतरी सोसायट्यांच्या कुंपणाला तीच असते आणि ती लिंबाच्या कुळातली, कढीपत्त्याची जवळची नातलग. पान चुरगळून वास घ्या, पटेल. बूच, म्हणजेच गगनजाई, हे उंच झाड, ट्री जास्मिन किंवा इंडियन कॉर्क ट्री. पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या लांब दांड्याच्या फुलांचा सडा पडतो आणि मुलं ती एकमेकांत गुंफून वेण्या करतात.

११. जास्मिन नावाचं विषारी झाड असतं हे खरं का?

खरं. कॅरोलायना जास्मिन किंवा यलो जेसमिन नावाची अमेरिकन वेल, पिवळ्या फुलांची. शास्त्रीय नाव जेल्सेमियम सेम्परव्हायरेन्स. होमिओपॅथीच्या दुकानात 'जेल्सेमियम' हे नाव पाहिलं असेल, ती हीच. ती साउथ कॅरोलायनाचं राज्यफूल आहे आणि तिचे सगळे भाग विषारी आहेत. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांनी अंगणातल्या 'यलो जास्मिन'ची फुलं चहात टाकायचा बेत सांगितला तर त्यांना आधी शास्त्रीय नाव पाहायला लावा. रातराणीबद्दल प्रश्न ९ पाहा.

१२. जास्मिन राइसमध्ये जास्मिन असतं का? आणि जास्मिन टीमध्ये?

तांदळात नसतं, चहात असतं.

जास्मिन राइस हा थायलंडचा 'होम मली' तांदूळ. मली म्हणजे मोगरा, आपल्या मल्लीचंच रूप. नावात फूल आहे, दाण्यात नाही. त्याचा वास बासमतीत जे सुगंधी द्रव्य असतं त्याचाच. आंबेमोहोर तांदळात आंब्याचा मोहोर शोधायला कुणी जात नाही, तसंच हे. मेन्यूकार्डावर त्याचं 'मोगरा भात' केलेलं मी पाहिलं आहे. कृपा करून करू नका. 'जास्मिन राइस' असंच लिहा.

जास्मिन टी मात्र खराच मोगऱ्याचा. चीनमध्ये मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या दिवसा खुडतात आणि रात्री त्या उमलू लागल्या की हिरव्या चहाच्या पानांबरोबर थर लावून ठेवतात. चहा वास ओढून घेतो, सकाळी फुलं चाळून काढतात. चांगल्या चहासाठी हेच अनेक रात्री नव्या फुलांनी करतात. म्हणून उत्तम चहात फुलं दिसत नसली तरी फसवणूक झाली असं समजू नका.

१३. तेलाच्या किंवा अत्तराच्या बाटलीवर 'जास्मिन' लिहिलंय. ते मोगऱ्याचं की चमेलीचं?

लेबलवर 'सँबॅक' असेल तर मोगरा. 'ग्रँडिफ्लोरम' असेल तर जाई-चमेली. फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या अत्तरांमुळे प्रसिद्ध झालेलं जास्मिन ते हेच दुसरं. दोन्ही नसेल तर घटकांची यादी वाचा. नुसतं 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असेल तर तो वास कारखान्यातला असण्याची शक्यता जास्त. मारुतीला शेंदराबरोबर वाहण्यासाठी जे चमेलीचं तेल आणतो त्यालाही हे लागू आहे. त्याच्या इंग्रजी पाटीवर जास्मिन ऑइल लिहिणं बरोबरच.

१४. थंडीत दादरला गजरा घेतला, वास अजिबात नव्हता. ते जास्मिन होतं का?

बहुधा कागडा असावा. मोगऱ्याचा खरा बहर मार्च ते जून. त्या काळात पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड, जव्हार, मोखाडा भागातून मोगरा दादरच्या फूलबाजारात येतो. कळ्या पहाटेच मिटलेल्या खुडाव्या लागतात, म्हणजे संध्याकाळी केसांत माळल्यावर उमलतात. हंगाम सरला की गजऱ्यात कागडा दिसू लागतो. तो कुंदाच्या गटातला, म्हणून जास्मिनच आहे, फक्त वास अगदी नावाला. इंग्रजीत बिल करताना त्याला अरेबियन जास्मिन म्हणू नका, गिऱ्हाईक मोगऱ्याच्या वासाचे पैसे देत असतं. 'कागडा, जास्मिनम मल्टिफ्लोरम' असं लिहा.

कळीवरून ओळखायचं तर मोगऱ्याची कळी ठसठशीत आणि गोलसर, बटमोगऱ्याची तर टपोरीच. कागड्याची कळी सडपातळ, टोकदार.

१५. रंगाच्या कार्डावर 'जास्मिन' पिवळट का दिसतो?

सगळी जास्मिन पांढरी नसतात, काही पिवळीच असतात. विंटर जास्मिन नावाची चीनमधली जात कडाक्याच्या थंडीत पिवळी फुलते, आणि तिला वास नसतो. भिंतीला मोगऱ्याचा पांढरा हवा असेल तर रंगाच्या नावावर जाऊ नका, शेडचा नंबर सांगा.

१६. बातम्यांमधलं 'जास्मिन रिव्होल्यूशन' काय होतं?

डिसेंबर २०१० ते जानेवारी २०११ मधला ट्युनिशियातला उठाव. १४ जानेवारी २०११ला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. जास्मिन तिथलं अत्यंत लाडकं फूल. परदेशी माध्यमांत हे नाव रुळलं. अनेक ट्युनिशियन लोकांना ते आवडलं नाही, ते त्याला प्रतिष्ठेची क्रांती म्हणतात. मराठीत 'जास्मिन क्रांती' लिहावं, 'मोगरा क्रांती' नको.

१७. सोसायटीच्या बागेतल्या पाटीवर काय काय लिहावं?

तीन ओळी. पहिली मराठी नाव, मोठ्या अक्षरात. दुसरी इंग्रजी लोकनाव, असेल तर. तिसरी शास्त्रीय नाव, तिरप्या अक्षरात, त्यातला पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होणारा आणि दुसरा लहान. उदाहरणार्थ: मोगरा / अरेबियन जास्मिन / जास्मिनम सँबॅक. लोकनाव नसेल तर दुसरी ओळ गाळा, ओढूनताणून बनवू नका. आणि पाटी लावण्याआधी पान पाहून खात्री करा (प्रश्न ३ आणि १०). तगरीसमोर 'जास्मिन' अशी पाटी एकदा लागली की पुढची दहा वर्षं मुलं तेच शिकतात.

१८. शाळेच्या इंग्रजी निबंधात 'मोगरा' लिहिलं तर मार्क जातील का?

जाऊ नयेत. पहिल्या उल्लेखाला 'मोगरा, अ काइंड ऑफ जास्मिन' लिहावं. आजीच्या मोगऱ्याबद्दल लिहिणाऱ्या मुलाने तो मोगराच लिहावा असं मी पालकांना आग्रहाने सांगते.

१९. निशिगंध आणि सोनचाफा हेही जास्मिनच का?

नाही. निशिगंध म्हणजे ट्यूबरोज, मूळचा मेक्सिकोचा, आणि नावात रोज असला तरी गुलाबाशीही संबंध नाही. सोनचाफा म्हणजे चंपक, तेच इंग्रजीत चालतं.

२०. परदेशात जाताना केसांत गजरा असेल तर फॉर्मवर जास्मिन लिहायचं का?

फुलाचं नाव दुय्यम आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश ताजी फुलं, पानं, बिया यांबाबत फार कडक आहेत आणि न सांगता नेल्यास मोठा दंड होतो. प्रवासी कार्डावर वनस्पतिजन्य वस्तूंच्या रकान्यात 'हो' म्हणा आणि अधिकाऱ्याने विचारलं तर 'फ्रेश फ्लॉवर्स' सांगा. सगळ्यात सोपं म्हणजे विमानतळावर उतरायच्या आधी, विमानातच गजरा काढून टाका.